चिंचबोळाची बिननंबरी गाडी

श्रीवर्धनात मोहल्ला संपतो आणि माळ्यांची आळी सुरू होते, तिथे चिंचबोळ नावाची एक गल्ली आहे. गल्ली म्हणायचं आपलं. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, गडग्यांपलीकडे सुपारीच्या वाड्या, आणि मधे एवढीच वाट की एखादी गाडी शिरली तर समोरून येणाऱ्या माणसानं गडग्याला पाठ लावून पोट आत घ्यावं. आखातातले आणि मुंबईतले पगार घरी यायला लागल्यापासून दारोदार गाड्या मात्र झाल्या होत्या. कुणाला बाहेर पडायचं तर पुढची गाडी हलवावी लागे, आणि पुढच्या गाडीचा मालक नेमका आंघोळीला, नाहीतर नमाजाला, नाहीतर सुपारीच्या झाडावर. म्हणून चिंचबोळानं एक रीत पाडून घेतली होती. चावी गाडीतच ठेवायची. ज्याला निघायचं असेल त्यानं आडवी आलेली गाडी स्वतःच काढावी, आपली बाहेर घ्यावी आणि दुसऱ्याची पुन्हा जागेवर लावून द्यावी. कुणी कुणाला विचारत नसे. बाहेरच्या माणसाला ह्याचं नवल वाटायचं, आणि चिंचबोळाला त्याच्या नवलाचं हसू यायचं.

बोळाच्या अगदी तोंडाशी तैयबाचं घर. त्यामुळे सगळ्यात जास्त वेळा हलवली जाणारी गाडी तिची. पांढरी व्हॅन, तिच्या नवऱ्यानं, मोहम्मदनं, कुवेत कायमचं सोडून आल्यावर घेतलेली. तो गेल्यावर तैयबानं मागच्या सीटा काढून टाकल्या आणि तिथे बिर्याणीच्या देगा ठेवल्या. शादी असो, वलीमा असो, अलीकडे तर आळीतली बारशीसुद्धा. दिघीपासून म्हसळ्यापर्यंत तैयबाआपाच्या हातचं जेवण म्हटलं की माणसं आमंत्रण नसतानाही तारीख विचारायची. देगा तिच्या, मसाला तिचा, आणि गाडी चालवणारीही तीच.

त्या व्हॅनला एक खोड होती. रिव्हर्स सरळ पडत नसे. आधी दोनदा क्लच मारायचा, गिअरचा दांडा तिसऱ्यात नेऊन परत आणायचा, मग तळहातानं खाली दाबून धरायचा आणि दाबलेला असतानाच मागे ओढायचा. ह्यातलं एक जरी चुकलं तरी गाडी दात खात करकरायची आणि जागची हलायची नाही. मिस्त्री म्हणाले, दुरुस्त करू. तैयबा म्हणाली, कशाला, सगळ्यांना येतो की. आणि खरंच येत होता. चिंचबोळातल्या प्रत्येकानं कधी ना कधी ती गाडी मागे घेतली होती.

सगळ्यात चांगला यायचा तो सदाला. सदा समोरच्या वाडीचा मालक. स्वतःकडे एक सायकल, पण दुसऱ्याची गाडी मागे घेऊन द्यायची त्याला भारी हौस. नुसता रिव्हर्सचा आवाज आला तरी तो हातातली सुपारी टाकून गडग्यावर उभा राहायचा आणि "येऊ द्या, येऊ द्या, डावीकडं मारा" असं ओरडायला लागायचा. कुणाला अडलेलं पाहून गप्प बसणं त्या माणसाच्या रक्तातच नव्हतं.

गाडी चोरीला गेली ती भर दुपारी, आणि गेली ती सदाच्या मदतीनं.

तैयबा त्या वेळी मागच्या अंगणात देग घासत होती. तिनं व्हॅन चालू झाल्याचा आवाज ऐकला. मग गिअरचा करकराट ऐकला. कुणीतरी नवशिका दिसतोय, एवढंच तिच्या मनात आलं. मग सदाचा आवाज आला, "अवो असं न्हाय! आधी तिसऱ्यात घाला. हां. आता वरून दाबा. दाबून ठेवा, सोडू नका!" करकराट थांबला, गाडी गुमान मागे गेली, आणि सदा "येऊ द्या, येऊ द्या" करत तिला पार हमरस्त्यापर्यंत सोडून आला. वर त्या माणसानं काचेतून हात हलवला तर ह्यानंही हलवला. पाहुणा असेल कुणाचा, पांढरा शर्ट होता, असं त्यानं मग पोलिसांना सांगितलं. संध्याकाळी तैयबा देगा भरायला बाहेर आली तेव्हा दारात गाडी नव्हती, आणि बोळातल्या कुणीही ती नेली नव्हती.

विम्याच्या ऑफिसातल्या साहेबानं विचारलं, गाडी कुलूपबंद होती ना? तैयबा म्हणाली, न्हाय, चावी आतच होती, नेहमी असते. साहेबानं पेन खाली ठेवलं. बरोबर आलेल्या शेजाऱ्यानं तिला बाहेर नेऊन सांगितलं, आपा, थोडं खोटं बोलायला हवं होतंस. ती म्हणाली, माझ्या खोट्यावर गाडी परत येणार असती तर बोलले असते.

त्या दिवसापासून चिंचबोळात चाव्या घरात गेल्या. मग दारं ठोठावणं आलं, हॉर्न आले, "तुमचीच गाडी नेहमी मधे असते" आलं. जी घरं ईदचा शिरखुर्मा आणि गणपतीचे मोदक एकमेकांना पोचवत होती, ती गाडी हलवण्यावरून एकमेकांच्या नावानं बोटं मोडू लागली. आणि सदा? सदानं तैयबाच्या अंगणात पाऊल टाकणं सोडलं. ती दारात दिसली की तो वाडीत शिरायचा. त्याची बायको काशी एकदा येऊन म्हणाली, "आपा, त्येंना जेवण जात न्हाय वो. झोपेतपन म्हनतात, दाबून ठेवा, सोडू नका." तैयबाला हसूही आलं आणि वाईटही वाटलं.

पण तिची स्वतःची चिंता वेगळीच होती. तिचा मुलगा कैस नवी मुंबईत नोकरीला. गाडी गेल्याचं कळल्यावर तो येऊन म्हणाला, "अम्मी, बस झालं आता. किती दिवस देगा उचलणार? माझ्याकडे चल. बिल्डिंगला लिफ्ट आहे, खाली डॉक्टर आहे, तुला काय पाहिजे अजून?" कैस वाईट मुलगा नव्हता, हीच तर अडचण होती. वाईट असता तर तिनं त्याला एका वाक्यात वाटेला लावलं असतं. ती त्याच्याकडे राहून आलेली होती. तिथे सून तिला भांड्याला हात लावू देत नसे. आदर म्हणूनच देत नसे. तैयबा दिवसभर सोफ्यावर बसून समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या बघायची आणि जेवायला कधी बोलावतील ह्याची वाट पाहायची. असं सोफ्यावर बसून आयुष्य संपवायचं, ह्याची तिला भीती वाटायची. मरणाची तिला इतकी धास्ती नव्हती.

तिनं भाड्याचे टेम्पो करून पाहिले. टेम्पोवाला वेळेवर येईना, आला तर देग सांडवी. एका शादीला जेवण उशिरा पोचलं आणि वऱ्हाडी नाक्यावरचे वडापाव खाऊन आले. त्या रात्री तैयबाला लाजेनं झोप लागली नाही. कैसला तिनं सांगितलं, "हा सीझन जाऊ दे. ईदनंतर बघू." तो म्हणाला, "ईदनंतर बघू नाही अम्मी. ईदनंतर मी न्यायला येतोय." हातात गाडी नसताना भांडणार तरी कशाच्या जोरावर?

मग एक दिवस सदा अंगणात येऊन उभा राहिला. कितीतरी दिवसांनी आला होता, आणि धावत आला होता. काशीच्या भावाचा काही दाखला आणायला तो त्याच्या गावाकडच्या, घाटाखालच्या पोलीस ठाण्यात गेला होता, तिथे मागच्या मैदानात जप्तीच्या गाड्यांची रांग होती.

"आपा, आपली गाडी हाय तिथं!"

"पांढरी?"

"निळी केलीय. पन आपलीच हाय. मी काचेतून बघितलं, दांडा तोच, वरचा गोळा तुटका."

दुसऱ्याच दिवशी दोघं ठाण्यात गेली. घाटाच्या पायथ्याला एका शेडवर छापा पडून बऱ्याच चोरीच्या गाड्या सापडल्या होत्या. ज्यांचे मालक सापडले त्यांच्या गेल्या, उरलेल्या इथे होत्या. तैयबानं व्हॅनचा मागचा दरवाजा उघडला, आतला गालिचा उचलला. खालच्या पत्र्यावर तीन गोल डाग होते, गरम देगांच्या बुडांचे. तिनं त्या डागांवर हात ठेवला आणि तिचे डोळे भरून आले.

ठाण्यातल्या फौजदार प्राप्ती मॅडम समंजस बाई. त्यांनी तैयबाला खुर्ची दिली, तिचे कागद नीट वाचले, आणि मग गाडीखाली वाकून बॅटरीच्या उजेडात दाखवलं. चासीवर जिथे नंबर असायचा तिथे ग्राइंडर मारून पत्रा गुळगुळीत केलेला होता. इंजिनावरही तेच.

"आपा, मला तुमचं पटतंय. पण तुमच्या कागदावर एक नंबर आहे आणि ह्या गाडीवर एकही नाही. प्रयोगशाळेनंही तपासलं, त्यांनाही काही वाचता आलं नाही. दोन्ही जुळवू कशानं?"

"देगांचे डाग हायत की."

"डाग कोर्टात कसे दाखवू?"

"रिव्हर्स टाकून दाखवते. माझ्या गाडीचा रिव्हर्स दुसऱ्या कुनाच्यानं पडत न्हाय."

मॅडमना हसू आलं, पण त्या हसल्या नाहीत. गाडीची बॅटरी तर उतरलेली होती, आणि रिव्हर्स पंचनाम्यात लिहून तरी काय उपयोग होता? कोर्टाचा हुकूम झालेला होता. ज्या गाड्यांचे मालक ठरत नाहीत त्यांचा लिलाव करायचा, घेणाऱ्याच्या नावानं आरटीओनं चासीवर नवा नंबर मारून द्यायचा. मॅडम म्हणाल्या, "लिलावाला कुणीही येऊ शकतं. तुम्हीही."

म्हणजे स्वतःचीच गाडी विकत घ्यायची. तैयबाला आधी भयंकर राग आला. चोरानं फुकट नेली आणि मी पैसे मोजू? वाटेत ती सदाला त्याबद्दल इतकं बोलली की तो बिचारा एसटीतच रडकुंडीला आला. पण घरी पोचेपर्यंत तिचा राग निवळला आणि डोकं चालायला लागलं. भिशी तिच्या नावावर लागायची होती, ती तिनं आधी मागून घेतली. बोळातल्या बायकांनी एका तोंडानं हो म्हटलं. कैसला मात्र तिनं ह्यातलं अवाक्षर सांगितलं नाही.

लिलावाच्या दिवशी ठाण्याच्या मागच्या मैदानात बरीच गर्दी होती. मोटारसायकली घ्यायला आलेली पोरं, भंगारवाले, आणि सगळ्यांच्या मधे पनवेलकडचा धर्माजीशेठ. अंगठ्यांनी भरलेली बोटं, पांढरे बूट, बरोबर स्वतःचा मिस्त्री. असल्या गाड्या घ्यायच्या, नवा नंबर पाडून घ्यायचा, रंगरंगोटी करून चढ्या भावानं विकायच्या, हा त्याचा धंदा. तो आल्या आल्या व्हॅनपाशीच थांबला. गाडीभोवती एक फेरी मारून तो मिस्त्रीला म्हणाला, "बॉडी चांगली आहे रे. हिच्यात दम आहे." ह्या माणसानं मनावर घेतलं तर तैयबाची भिशी पहिल्या दोन बोलीतच संपणार होती.

बोलीआधी गाडी तपासायची मुभा होती. धर्माजीच्या मिस्त्रीनं आपली बॅटरी जोडली. इंजिन खोकलं, धूर सोडला आणि चालू झालं. पहिला गिअर पडला. दुसरा पडला. गाडीचं तोंड भिंतीकडे होतं, त्यामुळे ती बाहेर काढायची तर मागेच घ्यायला हवी होती. मिस्त्रीनं रिव्हर्स टाकला.

करकर करकर करकर.

तैयबानं मान वळवून पाहिलं. सदाच्या चेहऱ्यावर वेदना होती. त्याचा उजवा हात आपोआप हवेत वर आला होता आणि दांडा तिसऱ्यात नेऊन परत आणत होता. ओठ हलायला लागले होते. एका क्षणात तैयबाला सगळं दिसलं. आता हा माणूस पुढे होणार, खिडकीतून वाकणार आणि म्हणणार, अवो असं न्हाय. जे त्यानं चोराला शिकवलं तेच आता शेठला शिकवणार, आणि गाडी दुसऱ्यांदा जाणार.

ती त्याच्या अंगाला अंग लावून उभी राहिली. "सदा," ती दातांतून म्हणाली, "अल्लाच्या वास्ते गप ऱ्हा."

"आपा, तो आधी तिसऱ्यात घालतच न्हाय वो."

"न्हाय घालत तर न्हाय घालू दे."

"गिअर खातोय तो. ऐकवत न्हाय मना."

"कान बंद कर."

मिस्त्रीनं पुन्हा ओढलं. असा आवाज झाला की शेजारचा हवालदारही वळून बघायला लागला. सदाचा एक पाय पुढे पडला. तैयबानं त्याच्या पायावर पाय दिला, पिशवीतून डबा काढला आणि एक अख्खं सांदण त्याच्या तोंडात कोंबलं. तांदळाच्या रव्याचं, नारळाच्या रसात वाफवलेलं, तिच्याच हातचं. सदा नाइलाजानं चावायला लागला, पण हात अजून हवेत हलत होता. तिनं दुसरं सांदण त्याच्या हातात दिलं.

तेवढ्यात मिस्त्री घाम पुसत खाली उतरला. आजूबाजूला पाहिलं तर सगळ्यात जास्त लक्ष देऊन बघणारा माणूस हाच. तो सरळ सदासमोर येऊन उभा राहिला.

"काका, तुम्ही मघापासून बघताय. हिचा रिव्हर्स कसा पडतो, माहिती आहे का?"

तैयबाचा जीव टांगणीला लागला. सदाला खोटं बोलता येत नसे, हे अख्ख्या श्रीवर्धनाला ठाऊक होतं. त्यानं सांदण गिळलं. कपाळावर घामाचे थेंब. त्यानं एकदा गाडीकडे पाहिलं, एकदा तैयबाकडे पाहिलं.

"माझ्याकडं सायकल हाय," तो म्हणाला.

"काय?"

"सायकल. तिला रिव्हर्स नसतो." आणि त्यानं दुसरं सांदण आपण होऊन तोंडात घातलं.

मिस्त्रीनं कपाळाला हात लावला आणि शेठकडे जाऊन सांगितलं, रिव्हर्स गेलाय, गिअरबॉक्स उतरवावा लागणार, आतलं सगळं झिजलं असेल. धर्माजीनं तोंड वाकडं केलं. पण तो मुरलेला माणूस, भंगाराच्या भावात मिळाली तर घ्यावी म्हणून तो बोलीला थांबला.

प्राप्ती मॅडमनी बोली पुकारली. धर्माजीनं सुरुवात केली, तैयबानं वर बोली लावली. एक भंगारवाला मधे आला आणि लगेच गळला. धर्माजीनं पुन्हा वाढवली, तैयबानं पुन्हा. तिचा आवाज खणखणीत होता. वलीम्याच्या गर्दीत वाढप्यांवर ओरडून कमावलेला आवाज तो, असा तसा दबणारा नव्हे. धर्माजीनं वळून तिला नीट पाहिलं.

"बाई, तुम्ही कशाला ह्या फंदात पडताय? तिला रिव्हर्स नाही."

"मना पुढंच जायचंय," तैयबा म्हणाली.

मैदानात हशा पिकला. धर्माजीही हसला, आणि हसता हसता त्यानं मनात गिअरबॉक्सचा खर्च धरला असावा, कारण मॅडमनी तीनदा पुकारलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही. "गाडी तैयबा मोहम्मद यांना," मॅडम म्हणाल्या. तैयबाला क्षणभर काही ऐकूच आलं नाही. मग सदानं तिचा हात घट्ट धरलाय एवढं कळलं.

सही झाली, पैसे भरले, चावी हातात आली. आता गाडी बाहेर काढायची होती. धर्माजी जाता जाता थांबला. त्याला गंमत बघायची होती. "माणसं देऊ का ढकलायला?" तो म्हणाला.

"नको, शेठ. माझा मानूस हाय."

ती चढून बसली. सीट मागे सरकवलेली होती, ती तिनं पुढे ओढून घेतली. इंजिन चालू केलं. आणि मग ती काही बोलायच्या आत सदाचा बांध फुटला. इतका वेळ दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तो गाडीच्या मागे धावत गेला, दोन्ही हात वर केले आणि अख्ख्या पोलीस ठाण्याला ऐकू जाईल असा ओरडला, "आपा! दोनदा क्लच! तिसऱ्यात घाला! दाबा! दाबून ठेवा! येऊ द्याऽऽऽ!"

गाडी लोण्यासारखी मागे आली. दोन मोटारसायकलींच्या मधून, झाडाला वळसा घालून, एका दमात थेट धर्माजीच्या पांढऱ्या बुटांपर्यंत. करकर नाही की काही नाही.

धर्माजी आ वासून बघत राहिला. मग त्याच्या डोक्यात उजेड पडला. "ही गाडी तुमचीच आहे!"

"व्हय की," तैयबा खिडकीतून म्हणाली. "मॅडमना पयल्याच दिवशी सांगितलं मी. तुमी इचारलंच न्हाय."

प्राप्ती मॅडमनी तोंड फिरवलं आणि उगाचच कागद चाळायला लागल्या. मिस्त्री सदाकडे खाऊ की गिळू अशा नजरेनं बघत होता. पण धर्माजी खरा धंदेवाला. हार कुठे मानायची हे त्याला कळत होतं. त्यानं दोन्ही हात जोडले आणि विचारलं, "त्या डब्यात काय होतं हो, जे काकांच्या तोंडात घातलंत?" तैयबानं उरलेला डबा त्याच्या हातात दिला. पुढच्या महिन्यात त्याच्या भाच्याच्या लग्नाची ऑर्डर तिला आली, ती ह्या डब्यामुळे.

सदा मात्र मैदानाच्या कडेला बसून हमसून हमसून रडत होता. तैयबा खाली उतरून त्याच्याजवळ गेली.

"आपा, मीच घालवली व्हती ना."

"आनि आज तूच आनलीस. इतकी वरसं तुला वळखते सदा, पन तू गप ऱ्हाशील असं मना वाटलं न्हवतं."

"लई जड गेलं वो," सदा नाक पुसत म्हणाला, आणि दोघंही हसायला लागली.

नंबर पडेपर्यंत रस्त्यावर चालवायची नाही, असं मॅडमनी बजावलं होतं. म्हणून गाडी श्रीवर्धनला आली ती काशीच्या भावाच्या टेम्पोला टोचन लावून. पुढे टेम्पो, मागे दोर, आणि दोराच्या टोकाला स्टिअरिंग धरून ताठ बसलेली तैयबा. एखादी नवी नवरी काय बसेल! चिंचबोळाच्या तोंडाशी सगळी घरं बाहेर आलेली होती. कुणी फुगे बांधले, कुणी नारळ फोडला, मोहल्ल्यातल्या एका म्हाताऱ्यानं दुवा मागितली. आणि आत शिरायला जागाच नव्हती, कारण वाटेत तीन गाड्या आडव्या होत्या. कुणाची चावी कुठे, कुणाची कुठे. शेवटी लोकांनी घराघरात धावत जाऊन चाव्या आणल्या, गाड्या काढल्या, आणि त्या गडबडीत चाव्या गाड्यांमधेच राहून गेल्या. दुसऱ्या दिवशीही कुणी काढून घेतल्या नाहीत.

मग आरटीओच्या खेपा झाल्या. एका सकाळी तिथल्या माणसानं गाडीखाली शिरून हातोडीनं एकेक अक्षर, एकेक आकडा चासीवर ठोकला. तैयबा शेजारी उकिडवी बसून प्रत्येक ठोका ऐकत होती. तिला विलक्षण आनंद झाला, आणि तो तिनं लपवलाही नाही. त्या माणसाला ती म्हणाली, "जोरात मार बाळा, परत कुनाच्या बापाला घासता येऊ नये." कागदावर मालक म्हणून तिचं नाव आलं. आधीच्या कागदावर मोहम्मदचं होतं, ते कधी बदलायचं तिला सुचलंच नव्हतं. आता गाडी कुणाकडून आलेली नव्हती, तिनं स्वतः जिंकून आणलेली होती.

ईद झाली आणि कैस ठरल्याप्रमाणे न्यायला आला. तो बोळात शिरला तेव्हा दारात निळी व्हॅन, मागचा दरवाजा उघडा, आत तीन देगा, आणि त्याची आई कमरेला पदर खोचून सदाला सांगत होती की झाकणावर ओला कपडा घाल. कैसनं विचारलं, "ही कोणाची गाडी?" त्याला सगळी हकीकत सांगितली ती सदानं, आणि सांगताना सांदणाचा भाग दोनदा सांगितला.

ते ऐकून कैसनं बाह्या सरसावल्या आणि तिसरी देग सरळ करायला हात लावला. जेवण मुरूडला पोचवायचं होतं, वेळ कमी होता. तो दिवसभर आईबरोबर राबला, पंगतीत वाढलं, लोकांनी आईचं कौतुक केलं ते कान देऊन ऐकलं. दुसऱ्या दिवशी त्याची सुट्टी संपली.

तैयबानंच त्याला स्टँडवर सोडलं. एसटी लागलेली होती. कैस बॅग घेऊन उतरला आणि खिडकीशी घुटमळला. त्यानं परत घर सोडण्याचा विषय काढला नव्हता, आणि आता तो काढणार नाही हे तिला दिसत होतं. एवढा मोठा घोडा झाला तरी त्याचा चेहरा शाळेत सोडताना व्हायचा तसाच झाला होता. तिला त्याची फार माया आली.

"अम्मी," तो म्हणाला, "येशील ना तरी? चार दिवस? सुनेला वाईट वाटतं तू येत नाहीस म्हणून."

"येईन की, रे. का न्हाय येनार?" तैयबानं त्याच्या गालावरून हात फिरवला. "माझ्या गाडीनं येईन. चार दिवस ऱ्हाईन, तुमच्या स्वयंपाकघरात मीच रांधीन, आनि माझ्याच गाडीनं घरी परत येईन."

कैस हसला. एसटीवाल्यानं बेल मारली आणि तो धावत चढला. त्याची गाडी नजरेआड होईपर्यंत तैयबा हात हलवत राहिली. मग तिनं चावी फिरवली. संध्याकाळी म्हसळ्याचं वऱ्हाड होतं आणि कांदे अजून चिरायचे होते.